केळ्यालाही श्वास घेऊ द्या!

नाशिकची वाईन प्यायला (चुकलो, 'आस्वाद घ्यायला') बसलेली सुशिक्षित मंडळी तुम्ही पाहिली असतील. बूच निघतं आणि बाटलीला कोणी हात लावत नाही. का? तर म्हणे वाईनला श्वास घेऊ द्यायचा! आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसे सगळे अर्धा तास गप्प. हवा लागली की तिचा वास खुलतो, तोवर मत द्यायचं नाही, असा रिवाज. बाटलीच्या चिंचोळ्या गळ्यातून हवा ती किती शिरणार, पसरट भांड्यात ओतल्याशिवाय खरा उपयोग नाही, हे सोडा. रिवाज चांगलाच आहे. माझी तक्रार एवढीच, की हीच मंडळी आमच्या जळगावच्या केळ्यासाठी दोन दिवस थांबायला तयार नसतात!

आणि वाचकहो, वाईनचा श्वास नुसता बोलण्यातला. केळं खरोखरच श्वास घेतं. घड कापला तरी त्याचं श्वसन चालू असतं; प्राणवायू आत, कर्बवायू बाहेर, तुमच्याआमच्यासारखं. पिकताना ते स्वतःच इथिलीन वायू सोडतं आणि कच्च्या गरातलं शेकडा २० च्या आसपासचं पिठूळ सत्त्व साखरेत उतरतं. याला दिवस लागतात. कच्च्या फण्यांत एक पिकलेलं केळं ठेवून वर गोणपाट टाकणाऱ्या आजीला इथिलीन ठाऊक नसेल, पण संगतीचा परिणाम पक्का ठाऊक असतो.

आता गिऱ्हाईक पाहा. देठ हिरवा दिसला की म्हणतं, "कच्ची आहेत." सालीवर ठिपके आले की, "सडली!" अहो, ठिपके पडले की तर खरी गोडी! पण त्याला हवं फक्त मधल्या एका दिवसाचं, वधुपरीक्षेला बसवल्यासारखं पिवळंधमक केळं. मग एखादा व्यापारी म्हणतो, पिवळंच पाहिजे ना? घ्या! कार्बाईडची पुडी टाकली की रंग झटपट येतो. सालीला हळद लागलेली, गर अजून बिगरीत! त्या पुडीत आर्सेनिकचा अंश असू शकतो आणि फळं पिकवायला तिच्यावर कायद्यानं बंदी आहे. पण घाईवर बंदी घालणारा कायदा कुठं आहे? सरळमार्गी रायपनिंग चेंबरमध्येसुद्धा इथिलीन सोडून, १६ ते १८ अंशांत ठेवून चार-पाच दिवस थांबावंच लागतं.

असं बळेच पिवळं केलेलं केळं गिऱ्हाईक खातं आणि निकाल देतं, "जळगावच्या केळ्यात पूर्वीची चव राहिली नाही." उरलेली फ्रीजमध्ये ढकलतं. साधारण १३ अंशांखाली केळं गारठतं, साल काळी पडते. दोष पुन्हा जळगावचाच!

इकडे रावेर, यावल, चोपड्याचा, तिकडे धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचा शेतकरी एका घडासाठी वर्षभर थांबलेला असतो. वादळ, थंडी, विजेचा लपंडाव, सगळं सोसून. २०१६ साली जळगावच्या केळ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण फळाला मान मिळाला म्हणून गिऱ्हाइकाला धीर मिळतो असं नाही. ठिपके पडलेल्या मालाचा भाव पडतो आणि तो पडतो शेतकऱ्याच्याच अंगावर.

"एवढा वेळ कुणाला आहे हो?" असं कोणी म्हणेल. बाटलीपुढे बसायला होता ना? खरी गोम अशी, की बाटली महाग म्हणून तिच्यापुढे सबुरी आणि केळी डझनावारी मिळतात म्हणून त्यांच्याशी उर्मटपणा. हा न्याय जिभेचा नव्हे, पाकिटाचा आहे.

तेव्हा जरा हिरवट फणी घ्या. घरात उघड्यावर ठेवा, फ्रीजकडे नेऊ नका. देठाचा हिरवेपणा जाऊ द्या, ठिपके येऊ द्या, घरभर वास सुटू द्या. मग सोला आणि खुशाल नावं ठेवा. त्याआधी तोंड उघडलंत, तर आमच्याकडचा गाडीवाला तुम्हाला सांगेलच, "दोन दिवस दम धरा ना भो, केळं कुठं पळून चाललं?"