नाव गेले, सावली राहिली

दिल्लीला गेलेल्या आपल्यापैकी पुष्कळांनी लोदी बागेत एखादी संध्याकाळ घालविली असेल. घुमटांच्या आसपास खेळणारी मुले, चादर पसरून डबा उघडून बसलेली कुटुंबे, हात मागे बांधून फेऱ्या मारणारे पेन्शनर, हे तेथले नेहमीचे दृश्य. ही बाग सुलतानांच्या काळापासून अशीच असावी, असे पाहणाऱ्याला सहज वाटते. प्रत्यक्षात जुन्या आहेत त्या कबरी, पंधराव्या-सोळाव्या शतकांतल्या. त्यांच्याभोवतीचे खैरपूर गाव उठवून १९३६ साली लेडी विलिंग्डन यांच्या नावाने येथे बाग केली गेली. स्वातंत्र्यानंतर तिचे नाव बदलले, आणि १९६८ साली तिची नव्याने आखणी झाली. ही आखणी करणारे दोघेही अमेरिकन होते: दिल्लीत स्थायिक झालेले वास्तुशिल्पी जोसेफ स्टाइन आणि कॅलिफोर्नियाचे गॅरेट एक्बो.

या एक्बोंच्या संस्थेविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांला वाटते. लँडस्केप आर्किटेक्चर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे श्रीमंतांच्या बंगल्यापुढली हिरवळ आणि कातरलेली झुडपे येतात. एक्बोंचे काम मात्र बंगल्यांच्या अंगणापुरते राहिले नाही. हार्वर्डमधून शिकून आलेला हा तरुण १९३९ च्या सुमारास सरकारी नोकरीत शिरला, तो कॅलिफोर्नियाच्या शेतांवर राबणाऱ्या फिरस्त्या मजुरांच्या वसाहती आखण्यासाठी. दुष्काळ आणि धुळीच्या वादळांनी देशोधडीला लागलेल्या त्या कुटुंबांनाही सावली हवी, बसायला ओटा हवा, मुलांना खेळायला जागा हवी, असे धरून त्यांनी झाडांच्या रांगा आखल्या. माणूस गरीब आहे म्हणून त्याला उघड्या माळावर ठेवावे, हे त्यांना मान्य नव्हते.

त्याच सुमारास सॅन फ्रॅन्सिस्कोत एडवर्ड विल्यम्स यांच्याबरोबर त्यांनी आपला व्यवसाय सुरू केला. १९४५ साली रॉबर्ट रॉयस्टन भागीदार झाले, १९५८ साली बाहेर पडले. पुढे १९६४ साली एक्बो, डीन, ऑस्टिन आणि विल्यम्स या चार आडनावांच्या आद्याक्षरांवरून संस्था ‘ईडॉ’ म्हणून ओळखली जाऊ लागली. सत्तरीच्या दशकात एक्बो स्वतः बाहेर पडले, पण संस्था वाढतच गेली. अटलांटातले १९९६ चे ऑलिंपिक उद्यान तिने आखले. लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिकनगरीच्या आराखड्यातही तिचा मोठा वाटा होता. जगभर तिची तीसेक कार्यालये झाली. २००५ साली एका बड्या अभियांत्रिकी कंपनीने ती विकत घेतली आणि २००९ साली तिचे नाव पाटीवरून उतरले.

कंपन्या येतात आणि जातात, त्याचे दुःख करीत बसण्याचे कारण नाही. आम्हांला महत्त्वाच्या वाटतात त्या या इतिहासातल्या दोन हकिकती.

पहिली लादेराची. दुसऱ्या महायुद्धानंतर पालो आल्टोजवळ काही कुटुंबांनी सहकारी तत्त्वावर वसाहत बांधायचे ठरविले. तिच्या आखणीत स्टाइन आणि एक्बो दोघेही होते. दीडशे सभासद-कुटुंबांत तीन कृष्णवर्णीयांची होती. तेवढ्यावरून घरकर्जाची हमी देणाऱ्या सरकारी खात्याने हात आखडता घेतला, आणि हमीखेरीज कर्ज मिळेना. अखेर १९५० साली संस्थेला जमीन विकून टाकावी लागली. पुढे तेथे घरे झाली, पण ती फक्त गोऱ्यांसाठी. स्टाइन १९५२ साली भारतात गेले. ज्यांचा सर्वांसाठीचा बेत येथे मोडला, त्याच दोघांनी सोळा वर्षांनी दिल्लीत अशी बाग आखली की जिच्यात कोणीही यावे! भारतीय माणसाला या देशाचे नागरिकत्वही १९४६ पर्यंत मिळत नव्हते, हे आठवले म्हणजे लादेराची गोष्ट आपल्याला परकी वाटणार नाही.

दुसरी हकिकत फ्रेझ्नोची. तेथल्या मुख्य बाजाररस्त्यावर १९६४ साली मोटारींना बंदी करून एक्बोंनी झाडे, कारंजी, शिल्पे आणि बाके यांनी सजलेला फुल्टन मॉल उभा केला. देशभर त्याची वाहवा झाली. पण दुकाने हळूहळू शहराबाहेर गेली, गिऱ्हाईक त्यांच्यामागे गेले. काहींनी तो वाचविण्याची खटपट केली, पण ती पुरी पडली नाही. २०१७ साली तेथून पुन्हा मोटारी धावू लागल्या.

रचनाकार तोच, आणि दोन्ही ठिकाणी त्याने जीव ओतलेला. तरी एक बाग बहरली आणि दुसरा रस्ता उखडला. कारणे अनेक असतील, पण आम्हांला एक मुख्य वाटते: लोकांची वर्दळ हेच सार्वजनिक जागेचे खतपाणी. ती आटली की नामांकित हातांची आखणीही तिला वाचवू शकत नाही.

वाचकहो, हे सारे आम्ही का सांगत बसलो? आपल्याकडे उन्हाळ्यात भारतातून आई-वडील येतात. त्यांना गाडी चालविता येत नाही. मुले-सुना कामावर गेली की पायी जाता येईल असे ठिकाण म्हणजे कोपऱ्यावरचे पार्क. तेथे बाक नसला, सावली नसली, वाटेत फूटपाथ तुटला, तर ती बिचारी दिवसभर खिडकीशी बसून राहतात. याची तक्रार आपण जेवणाच्या पंगतीत करतो. पण त्याच पार्कच्या आराखड्यावर गावच्या कौन्सिलने सभा बोलावली, म्हणजे आपल्यापैकी तेथे कितीजण दिसतात? आम्हीही त्या गैरहजरांतच मोडतो, हे कबूल करणे भाग आहे.

मंडळांच्या गणेशोत्सवासाठी पाच-पाच महिने आधीपासून धावपळ करणारे आपण लोक. त्यातली एक संध्याकाळ काढून यंदा त्या सभेला जावे, दोन बाके आणि चार झाडे मागावीत, आणि मिळाल्यावर तेथे जाऊन बसावेही. ‘ईडॉ’ची पाटी उतरून बरीच वर्षे झाली. लोदी बागेत सावलीला बसणाऱ्याला ते नाव ठाऊकही नसते, आणि त्यावाचून त्याचे काही अडत नाही. त्याला सावली मिळते, तेवढे पुरे आहे.