औषधांच्या पिशवीचे अस्तर

हाताने शिवलेल्या पिशवीचे अस्तर केवळ शोभेसाठी नसते. वयपरत्वे डोळ्यातील भिंग पिवळसर होते आणि आत कमी प्रकाश पोहोचतो. अशा वेळी छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवावयाची गोळी गडद पिशवीच्या तळाशी दिसत नाही. म्हणून अस्तर फिक्या रंगाचे, बिननक्षीचे असावे. जुने सुती कापड उत्तम. नवे असल्यास आधी धुऊन घ्यावे, म्हणजे पुढे आटणार नाही.

अस्तर पिशवीहून किंचित लहान कापावे, म्हणजे आत चुण्या पडत नाहीत. तातडीच्या गोळीचा खिसा अस्तराच्या सुलट बाजूस प्रथम कच्च्या धावदोऱ्याने टाचावा. गोळी मूळ वेष्टनासह त्यात ठेवून, जे ती वापरणार त्यांनाच मंद उजेडात काढून पाहू द्यावी. हात चाचपडला तर खिशाची जागा बदलावी. मगच शिवण पक्की करावी. शेवटी पिशवी सुलट व अस्तर उलट धरून ते आत बसवावे, दोहोंच्या कडा आत दुमडून तोंडाशी बारीक तुरपाई करावी.

सुईत दोरा इतरांनी ओवला तरी चालेल; खिशाची जागा मात्र ज्येष्ठांनीच ठरवावी.