मधमाशीचा डोळा

परवा निफाडला मामाकडे गेलो, तर शेजारच्या द्राक्षबागेत ड्रोनने फवारणी चाललेली. मामाच्या वावरात डोंगळ्याचे गोंडे पांढरेशुभ्र फुललेले, पण माशा मोजून चार-पाच.

मधमाशीच्या एका डोळ्यात पाच हजारांवर भिंगं असतात, तरी तिला आपल्यापेक्षा कितीतरी धूसर दिसतं. मग ती आपटत कशी नाही? मंड्यम श्रीनिवासन यांनी ऑस्ट्रेलियात माशांना पट्ट्यापट्ट्यांच्या बोगद्यातून उडवून पाहिलं. दोन्ही भिंती सारख्याच वेगाने मागे सरकताना दिसाव्यात, अशी माशी मधोमध उडते. एक भिंत तिच्या उडण्याच्या दिशेने सरकवली, की ती त्या भिंतीकडे कलते. अंतर मोजायचंच नाही, नुसता वेग बघायचा! हीच युक्ती पुढे रोबोंना आणि ड्रोनना शिकवली गेली. २०१३ मध्ये युरोपात ६३० भिंगांचा कृत्रिम डोळाही तयार झाला, वजन दोन ग्रॅमच्या आत.

म्हणजे उडायचं कसं हे माशीकडून शिकायचं आणि औषध तिच्याच अंगावर! ड्रोनला माझा विरोध नाही, मजुराच्या नाकातोंडात जाणारं विष तरी त्याने कमी होतं. पण डोंगळा फुलात असेतो फवारणी संध्याकाळी, माशा परतल्यावर करावी. माशांशिवाय कांद्याचं बी नीट भरत नाही, हे निफाडकरांना मी काय सांगणार?

मामा म्हणाला, "मग तूच जाऊन सांग की त्याला." येत्या रविवारी जाणार आहे.