‘मला माहीत नव्हतं’ एवढं पुरे आहे का?

आमच्या शाळेत वर्षातून एकदा तपासणीला साहेब यायचे. त्या दिवशी वर्ग लख्ख झाडलेला, फळ्यावर नवा सुविचार, सगळ्यांचे गणवेश धुतलेले. साहेबांची गाडी गेली, की दुसऱ्या दिवशी बाकाखाली पुन्हा कागदाचे बोळे. तुम्ही हसाल. पण फोक्सवॅगन या जर्मन मोटार कंपनीने हाच खेळ जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत केला, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही.

गाडीच्या धुराची चाचणी प्रयोगशाळेत होते. चाकं रोलरवर फिरतात, पण गाडी जागेवरच असते आणि स्टिअरिंग कोणी वळवत नाही. अशा खुणांवरून गाडीतल्या सॉफ्टवेअरला कळायचं, की आज तपासणी आहे. मग इंजिन शहाण्या मुलासारखं वागायचं. रस्त्यावर आल्यावर मात्र हीच गाडी नायट्रोजन ऑक्साइड नावाचे वायू अमेरिकेतल्या मर्यादेच्या ४० पटींपर्यंत बाहेर सोडायची. या वायूंमुळे दमा असलेल्यांचा त्रास वाढतो. आणि जाहिरातीत याच गाड्यांना ‘स्वच्छ डिझेल’ म्हणत होते! वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी गाडीत मोजयंत्र ठेवून ती खऱ्या रस्त्यावर चालवली, तेव्हा आकडे जुळेनात. शेवटी सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने हा प्रकार जाहीर केला.

पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कंपनीचे प्रमुख मार्टिन विंटरकॉर्न यांनी पाच दिवसांत राजीनामा दिला, पण आपल्या हातून काही गैर झाल्याचं आपल्याला माहीत नाही, असं ते म्हणाले. कंपनीच्या अमेरिकेतल्या प्रमुखांनी तर तिथल्या काँग्रेसपुढे सांगितलं, की हे काही सॉफ्टवेअर इंजिनिअरांचं काम आहे, कंपनीचा निर्णय नव्हे. मी स्वतः सॉफ्टवेअर लिहिते, म्हणून हे मला टोचलं. ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ ही म्हण मी इथे वापरणार नाही. ते इंजिनिअर काही संन्यासी नव्हते. त्यातल्या एकाला अमेरिकेत ४० महिन्यांची कैद झाली, ती योग्यच झाली.

पण आमच्या कामातली एक गोष्ट सांगते. प्रोग्रामची प्रत्येक ओळ कोणी लिहिली, कधी बदलली, याची नोंद राहते. ‘काहीही करा, पण हे झालंच पाहिजे’ असं मीटिंगमध्ये कोण म्हणालं, याची नोंद सहसा कुठेच नसते. फोक्सवॅगनला अमेरिकेत डिझेल गाड्या खपवायच्या होत्या. तिथले नियम कडक. ते पाळेल आणि गिऱ्हाइकांनाही आवडेल असं इंजिन काही जमेना. पुढे तर २०१८ पर्यंत जगात पहिला नंबर मिळवायचा, असं ध्येय ठरलं. अशा वेळी ‘जमत नाही’ हे दोन शब्द वरपर्यंत पोचतील अशी वाट मोकळी ठेवणं, हे प्रमुखाचं काम. ती वाट बंद असली, की खाली कोणीतरी खोटं लिहितं.

तुम्ही म्हणाल, लाखो माणसं कामाला असताना एकटा माणूस काय काय बघणार? खरं आहे. प्रत्येक ओळ त्याने वाचावी असं मीही म्हणत नाही. पण ‘काल जमत नव्हतं, ते आज कसं जमलं?’ एवढं तरी विचारता येतं ना? गाड्या खपल्या की श्रेय प्रमुखाचं, मग त्यांचा धूर दुसऱ्याचा कसा?

२०२१ मध्ये विंटरकॉर्न यांनी फोक्सवॅगनला सुमारे १ कोटी १२ लाख युरो द्यायचं कबूल केलं. कंपनीचा त्यांच्यावर ठपका काय होता? जुलै २०१५ नंतर त्यांनी या प्रकरणाचा लगेच आणि पूर्ण छडा लावला नाही. पण जुलै २०१५ पर्यंत त्या गाड्या अमेरिकेतल्या रस्त्यांवर सहा वर्षं धावत होत्या.