शुल्क अमेरिकेचं, कपात कामगाराची

२७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के जादा शुल्क लावलं. तेव्हा पाकिस्तानवर १९, बांगलादेशवर २० होतं. टॉवेलच्या धंद्यात पाकिस्तान आपला थेट स्पर्धक. सोलापूरचे टॉवेलवाले कारखानदार अडचणीत आले, हे कुणीच नाकारत नाही.

पण पुढचा हिशोब बघा. परदेशी खरेदीदार म्हणतो, भाव उतरवा. सुताचा दर कारखानदाराच्या हातात नाही. वीजबिल थांबत नाही. बँकेचा हप्ता चुकत नाही. मग हात घालायला उरतं काय? मजुरी! दोन पाळ्यांची एक होते, आठवड्यातले दोन दिवस माग बंद राहतो. जेवढा माल विणला तेवढीच मजुरी, त्यामुळे माग बंद तर चूल बंद. "मंदी आहे, सांभाळून घ्या," म्हणतात. तेजीत मात्र "हा घ्या तुमचा वाटा" असं कुणी म्हणाल्याचं ऐकलंय का?

सरकार गप्प बसलं असंही नाही. १९ ऑगस्टला कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क काढलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग थेट डिसेंबरअखेरपर्यंत. गिरण्यांना बाहेरचा कापूस स्वस्त. झळ कुणाला? ऐन वेचणीच्या तोंडावर विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला. आणि या सवलतीतला एक रुपया तरी मागावरच्या माणसापर्यंत पोचावा, अशी अट होती? नव्हती.

"कारखाना जगला तर कामगार जगेल," हे मान्य. पण स्वस्त मजुरीच्या शर्यतीला तळ नसतो. आज बांगलादेश, उद्या आणखी कुणी. टिकायचं तर चांगला माल हवा, त्याला कसबी हात हवेत. आणि ते हात इथे पोट भरत नाही म्हणून पुण्याची गाडी धरतायत.

म्हणून मागणी साधी आहे. यंत्रमागाला वीज सवलत द्या, निर्यातीला मदत द्या, जरूर द्या. पण ज्याच्या हजेरीपटावर खरे कामगार आहेत, किमान वेतन बँकेत जमा होतं आणि पीएफ भरला जातो, त्यालाच. वीसच्या आत कामगार दाखवून पीएफ चुकवणाऱ्याला जनतेचा पैसा कशाला?

मत मागायला येतील तेव्हा एवढंच विचारा: मदत कारखान्याला दिलीत, कामगाराला किती पोचली?