आर्चीने फोन केला नसता तर?

'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी आला. तेव्हापासून चाहत्यांचा एक खेळ थांबलेला नाही. शेवट वेगळा असता तर? दुसरा भाग निघाला तर त्यात काय असावं? कुणी परश्याला मरणाच्या दारातून परत आणतो. कुणी त्या बाळाला मोठं करून मामावर सूड घ्यायला पाठवतो. आणि सगळ्यात लाडका तर्क असा : आर्चीने आईला फोन केलाच नसता, तर भावाला पत्ता लागला नसता. दोघं वाचली असती.

या खेळाला आमचा विरोध नाही. गोष्ट ऐकून 'पुढं काय?' विचारणारच माणूस. आमचा आक्षेप त्या लाडक्या तर्कावर आहे. नीट पाहा. खून केला भावाने आणि त्याच्या माणसांनी, चूक मात्र निघाली मुलीची. आजीला नातवाचा आवाज ऐकवावासा वाटला, हा तिचा गुन्हा!

गोष्ट काल्पनिक, तर्कही काल्पनिक, मग एवढं मनावर का घ्यायचं? कारण हाच तर्क आम्ही नगर जिल्ह्यात ऐकला आहे. तेव्हा प्रेत खरं होतं.

जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात २८ एप्रिल २०१४ रोजी नितीन आगे या सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. कारण काय, तर सवर्ण मुलीशी संबंध असल्याचा संशय. 'सैराट' पडद्यावर येण्याच्या दोन वर्षं एक दिवस आधीची ही गोष्ट. तेव्हाही हळहळणारी माणसं म्हणत होती, "पोरगा तिच्याशी बोललाच नसता तर?" पुढे साक्षीदार एकामागून एक उलटले. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. मग नितीनला मारलं कुणी? या 'पुढं काय?'वर कुणी तर्क लढवत नाही.

'सैराट'चा शेवट मोठ्या पैशानेही बदलून झाला आहे. २०१८ साली हिंदीत 'धडक' आला. गोष्ट उदयपूरला गेली, नवरा आणि बाळ मेलं, बायको उरली. पण शेवट बदलण्याआधी जात तोंडी लावण्यापुरती करून टाकली होती. जात काढली की उरतो तो नुसता रागीट बाप आणि दोन प्रेमवेडी पोरं. मग दोष पोरांच्या उतावळेपणाचाच!

बाबासाहेबांनी लाहोरला करू न दिलेल्या भाषणात, १९३६ सालीच, जात मोडण्याचा खरा उपाय आंतरजातीय विवाह आहे असं सांगितलं. म्हणजे आर्ची-परश्याने चूक केली नव्हती, उपाय केला होता. उपाय करणाऱ्याला 'जरा जपून' सांगायचं आणि मारणाऱ्याला काहीच सांगायचं नाही, हा कुठला न्याय?

आम्हालाही दुसरा भाग सुचतो. बाळाला दारात सोडून गेलेली ती शेजारीण आठवते? तिच्यापासून सुरू करा. ती कोर्टात उभी राहते का? तिला धमकी कोण देतं? तारखेच्या आदल्या रात्री तिच्या सोबतीला कोण थांबतं? किंवा थोडं मागे जा. २७ मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी सुरक्षित निवाऱ्याचा विचार करायला सरकारांना सांगितलं. आर्ची-परश्या आज नगरला आले, तर कुठलं दार वाजवतील? ते उघडेल का?

पोरांनो, कथा जरूर रचा. बाळाच्या हाती कोयता देऊ नका, मामाचंच हत्यार आहे ते. आणि 'तिने असं केलं नसतं तर' हे वाक्य लिहिण्याआधी एकदा 'त्याने मारलं नसतं तर' असं लिहून पाहा. गोष्ट तिथूनच बदलेल.

जय भीम!