घर सव्वाशे किलोमीटरवर असताना

लांबच्या प्रवासात पहिला दिवस उत्साहाचा आणि मधले दिवस सवयीचे असतात. शेवटच्या दिवसाचे काय, ते आम्हाला यंदा कळले. वाचकहो, जानेवारी 2025 मध्ये आम्ही शंभर सीसीच्या आमच्या जुन्या मोटारसायकलवर एकट्याने दहा दिवसांची फेरी केली. कल्याणहून नाशिक, धुळे, जळगाव, अकोला करीत नागपूर, आणि परतताना वर्धा, यवतमाळ, नांदेड, परभणी. सोबत येणार असलेल्या मित्राने आदल्या संध्याकाळी कंबर धरली म्हणून एकटे. त्या फेरीबद्दल पुष्कळांनी विचारले. नागपूरबद्दल सांगितले, वऱ्हाडातल्या उन्हाबद्दल आणि पाहुणचाराबद्दलही सांगितले. दहाव्या दिवसाबद्दल मात्र आम्ही घरीसुद्धा पुरते सांगितलेले नाही. ते आज लिहितो.

नवव्या रात्रीचा मुक्काम अहिल्यानगरला होता. आमच्या तोंडात अजून नगरच येते. मावसबहिणीचे घर दोन खोल्यांचे, पण बाहेरच्या खोलीत आमच्यासाठी पलंग मोकळा केलेला होता. पहाटे पाचला उठून तिने भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. आम्ही बूट चढवीत होतो तेव्हा म्हणाली, "दादा, नऊ दिवस दमानं आलात, आजचा दिवस पण दमानंच घ्या. उजाडू द्या, मग निघा." आम्ही हसलो आणि साडेपाचला अंधारात निघालो. कारण एकच. दुपारचे जेवण घरी, हे मनाने ठरवून टाकले होते. रात्री घरी फोनवर तसे सांगूनही झाले होते.

नगरहून कल्याणला येणारा हा रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग 222 होता, आता 61 आहे. पुढे तेलंगणात निर्मळपर्यंत जातो. बीड जिल्ह्यात लोक अजून त्याला कल्याण-विशाखापट्टणम म्हणतात. परभणीपासून आम्ही याच रस्त्याने येत होतो. दर दगडावर कल्याणचा आकडा कमी होताना पाहून माणसाला काय होते ते सांगणे कठीण. घोडा तबेल्याच्या वासाने पळतो म्हणतात, तसे काहीसे.

भाळवणीच्या आधी पहिला इशारा मिळाला. समोर अंधार होता आणि आम्ही पन्नासच्या वेगात. अंधाराचाच एक तुकडा जास्त काळा दिसला आणि ब्रेक दाबला तेव्हा कळले की तो उसाचा ट्रॅक्टर आहे. मागे दोन ट्रॉल्या, वर ऊस रचलेला, मागच्या ट्रॉलीला दिवा नाही आणि लाल पट्टीही नाही. उसाचे शेंडे आमच्या हेल्मेटच्या काचेपासून दोन हातांवर होते. चालकाला आम्ही मागे आहोत याचा पत्ता नव्हता. गळिताचा हंगाम दिवाळीच्या सुमाराला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. या दिवसांत नगर आणि पुणे जिल्ह्यांतल्या रस्त्यांवर पहाटे-रात्री दुचाकी चालवणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे. आम्ही बाजूला थांबलो, टपरी उघडेपर्यंत गारठत बसलो आणि नीट उजाडल्यावर निघालो. बहिणीचे अर्धे म्हणणे तेथेच पाळले गेले.

टाकळी ढोकेश्वरजवळ चेन खडखडू लागली. दहा दिवसांची धूळ खाऊन ती ढिली पडली होती. चेन फार ढिली झाली तर दातांवरून उतरते, आणि घाटात उतरली तर मागचे चाक जाम होऊ शकते. गॅरेज उघडायला दहा वाजले. पोरगा वीस-बावीस वर्षांचा होता, पण काम समजून करणारा. मागच्या चाकाचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे आटे सारखेच फिरवले, खुणा जुळवल्या, बोटाने चेन वर-खाली करून पाहिली. आमच्याकडे पाहून म्हणाला, "काका, चेन टाइट झाली. तुमी पण जरा टाइट व्हा, लई दमल्यासारखे दिसताय." हा दुसरा इशारा. आम्ही तोही विनोद समजून हसण्यावारी नेला.

आणे घाट, बेल्हे, आळेफाटा. आळेफाट्याला बारा वाजून गेले. घरचे जेवण हुकले हे नक्की झाले, म्हणून भाकरी-चटणी एका झाडाखाली सोडली. चटणी तिखट, भूक दणकून लागलेली, दोन भाकऱ्या गेल्या. वर हॉटेलातला चहा. मग लगेच किक मारली.

जुन्नर तालुका पाहिलेल्यांना सांगायला नको. धरणांचे पाणी, त्यामुळे ऊस, कांदा, टोमॅटो, द्राक्ष. त्याच उसात बिबट्यांनी घर केलेले. पारनेरचा कोरडा माळ मागे टाकून येथे आले की डोळ्यांना गार वाटते. ओतूरच्या अलीकडे रस्ता सरळ होता, ऊन पाठीवर होते, इंजिनाचा एकसुरी आवाज होता. हेल्मेटची काच वर केली, वारा घेतला, मोठ्याने गाणे म्हटले. आणि मग काय झाले ते आम्हाला माहीत नाही. खरोखरच माहीत नाही. खडखडाट झाला, डोळे उघडले तेव्हा गाडी डांबर सोडून खडीच्या पट्टीवर होती, आणि पुढचे चाक मातीत रुतून आम्ही डाव्या अंगावर पडलो.

आम्ही बी.कॉम. झालेले, आकड्यांची सवय. नंतर हिशेब मांडला. ताशी चाळीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. डोळा तीन सेकंद लागला असेल तर तेहतीस मीटर आमची गाडी विनाचालक धावली. ती डावीकडे गेली म्हणून हा लेख आहे. उजवीकडे समोरून कांद्याचे ट्रक येत होते.

समोरच्या शेतात ऊसतोड चालू होती. तोडणाऱ्यांनी कोयते टाकले आणि धावत आले. दोघांनी गाडी उचलली, एकाने आम्हाला. डाव्या बाजूची पिशवी फाटली होती, डावा आरसा फुटला होता, हेल्मेटवर लांब ओरखडा होता आणि कोपर सोलले होते. एक बाई पाण्याची बाटली घेऊन आली. "दादा, लागलं का कुठं?" आम्ही म्हणालो, खड्डा चुकवायला गेलो. ती रस्त्याकडे पाहून म्हणाली, "खड्डा कुठंय? डोळा लागला व्हता तुमचा. आमी बघत व्हतो ना, गाडी सरळ रानात यायली."

खोटे बोलण्यात अर्थ नव्हता. बाभळीच्या सावलीत बसलो. बोलता बोलता कळले की टोळी गेवराई तालुक्यातली. आम्ही म्हणालो, अहो, आम्ही परवाच गेवराईकडून आलो! तेव्हा त्या बाईचा चेहरा एकदम बदलला. जवळ येऊन बसली. "ज्वारी कशी हाय तिकडं?" आम्ही सांगितले, हुरड्यात आली आहे, आम्ही खाल्ला. "विहिरींला पाणी?" ते पाहिले नव्हते. मग तिने विचारले, "शाळा बघितली का कुठली? सुटायच्या वक्ताला?"

पाहिली होती. रस्त्यालगतची एक शाळा दुपारी सुटली, पोरे दप्तरे घेऊन रस्ता ओलांडत होती, आम्ही गाडी थांबवून हात केला होता. तिचा मुलगा चौथीत, गावी आजीजवळ. धाकटी मुलगी मात्र येथे, कोपीपाशी वर्षाच्या भावंडाला सांभाळत बसलेली. "आमच्या गावची असंल का ती शाळा?" गावाचे नाव तिने सांगितले. आम्हाला आठवेना. पाटी वाचलीच नव्हती. दहा दिवसांत किती पेट्रोल भरले हे आम्ही पैशांसह वहीत लिहिले होते, पण ज्या गावापाशी थांबलो त्याचे नाव लिहिले नव्हते. "असेल," असे म्हणून टाकावे असे फार वाटले. म्हटले नाही. ती म्हणाली, "जाऊ द्या, सगळी पोरं एकाच कापडात असत्यात, वळखणार कशी."

वाचकांपैकी अनेकांच्या घरात ही कहाणी झालेली आहे, तेव्हा फार सांगत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आधी घेतलेली उचल, आणि ती फिटेपर्यंत पाच-सहा महिने पाचटाच्या कोपीत संसार. आदल्या दिवशी मराठवाड्यातल्या गावांतून येताना ओट्यांवर म्हातारीच माणसे का दिसत होती, ते आम्हाला येथे, दीडशेवर किलोमीटर पुढे येऊन दिसले. दहा दिवस घर सोडले म्हणून आम्ही रात्री फोनवर किती कुरकुर केली होती!

निघायला उठलो तर बाईने किल्लीवर हात ठेवला. "झोप हाय डोळ्यांत. पडा इथंच. ट्रॉली भरस्तोवर कुणी हाकलत नाय तुमाला." मोठ्या बहिणीसारखे बोलली, आणि वयाने आमच्या मुलीएवढी. आम्ही पिशवी उशाला घेतली आणि अर्धा तास मेल्यासारखे झोपलो.

येथे दोन गोष्टी अनुभवाच्या. दुपारी एक ते चारच्या दरम्यान शरीराला झोप येतेच, त्यात पोट भरलेले असले तर विचारूच नका. काच उघडून, गाणी म्हणून, तोंडावर पाणी मारून ती जात नाही, पाच मिनिटे पुढे ढकलली जाते. चहाचा असर व्हायलाही अर्धा तास लागतो. उपाय एकच, गाडी रस्त्यापासून दूर लावून वीस मिनिटे झोपणे. आपल्याकडे दुचाकी ही हौस नाही, कामाचे साधन आहे. रात्रपाळी करून कितीतरी जण पहाटे तिच्यावरच घरी येतात. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली आणि त्यातली शंभरात 44 दुचाकीवरची होती.

पुढचा प्रवास लवकर सांगतो. मढ, पिंपळगाव जोग्याचे पाणी, खुबी फाट्यावरून हरिश्चंद्रगड. माळशेज घाट जानेवारीत कोरडा असतो, पावसाळ्यातले धबधबे नाहीत की गर्दी नाही. नुसते काळे कडे आणि खाली कोकण. आम्ही गाडी तिसऱ्या गिअरात टाकून इंजिनाच्या जोरावर उतरवली, ब्रेकला फार त्रास दिला नाही. टोकावडे आले आणि हवा बदलली, दमट, ओळखीची. मुरबाडनंतर धूळ आणि गर्दी सुरू झाली. शहाडच्या पुलावर अर्धा तास अडकलो. इतका आनंद वाहतुकीत अडकून आम्हाला कधी झाला नव्हता.

साडेसहाला घरी पोहोचलो. धाकट्याने काटा पाहिला, 1,912 किलोमीटर. पेट्रोल 33 लिटर. सहचारिणीने मात्र काटा पाहिला नाही. "अहो, आरसा कुठाय?" आम्ही म्हणालो, नगरला गाडी स्टँडवरून पडली. पूर्ण बाह्यांचा शर्ट चार दिवस वापरला. पाचव्या दिवशी कोपर दिसले तेव्हा तेही स्टँडवरच ढकलले. तिने काही म्हटले नाही. हेल्मेट पुसताना त्या ओरखड्यावरून तिचे फडके दोनदा फिरले, एवढे आम्ही पाहिले.

वहीत गेवराईच्या पानावर आम्ही नंतर त्या बाईने सांगितलेले गावाचे नाव लिहून ठेवले आहे. आरसा अजून बसवलेला नाही. हा अंक घरी शनिवारी येतो आणि घरात तो सर्वांत आधी कोण वाचते हे आम्हाला ठाऊक आहे. शुक्रवारी गॅरेजला जाऊन येऊ.